बाळ येण्याआधी फ्रीझर भरायचाय? आधी अन्न निववायला शिका

बाळंतपणाआधी फ्रीझर भरून ठेवा असं सगळेच सांगतात आणि पुढे पदार्थांची लांबलचक यादी देतात. स्वयंपाक तुम्हाला येतोच, यादी कशाला हवी? माझ्या दोन बाळंतपणांआधी, मग बहिणीसाठी, मग मैत्रिणींसाठी हे काम मी इतक्या वेळा केलंय की ठामपणे सांगते, रांधणं हा यातला सोपा भाग. घात होतो तो पातेलं गॅसवरून उतरल्यापासून अन्न गोठेपर्यंतच्या काही तासांत. आणि नेमकं त्याबद्दल सगळीकडे एकच वाक्य असतं: "थंड झाल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा."

३२व्या-३३व्या आठवड्यात सुरुवात करा आणि ३६व्यात थांबा. त्यानंतर बाळ कधीही येऊ शकतं आणि ओट्याशी उभं राहणंही नकोसं होतं. एका रविवारी महिनाभराचं रांधून टाका हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. रोजच्या स्वयंपाकात दुप्पट करा, निम्मं जेवा, निम्मं साठवा. दोघांचं दोन आठवड्यांचं एक वेळचं जेवण म्हणजे २८ वाढपं. तेवढं पुरे.

डाळी, कडधान्यांचे रस्से, सूप, खिमा, भात हे सगळं छान गोठतं. बटाट्याच्या फोडी रवाळ होऊन पाणी सोडतात आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, म्हणून ते नको. दही, साय घालायचं असेल तर गरम करताना घाला, नाहीतर फाटतं.

आता निववण्याचं. पहिल्या खेपेला मी सहा लिटरचं पातेलं भरून राजम्याचा दाट रस्सा केला, झाकण लावलं आणि "गार झाला की भरू" म्हणून ओट्यावर ठेवून झोपले. सकाळी झाकण उचललं तर कडेला बारीक फेस आलेला, वास आंबूस, आणि डाव मध्यभागी घातला तर आत अजून कोमट. आठवा महिना चालू होता. सगळं फेकून दिलं आणि तिथेच रडले.

पुढच्या वेळी उलटं केलं, गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ठेवलं. ते मध्यभागी दुसऱ्या दिवशीही पूर्ण गोठलं नव्हतं. शेजारच्या तयार पिशव्या मात्र वितळून पुन्हा गोठल्या आणि त्यांचा एकच गोळा झाला.

कारण साधं आहे. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. दाट रस्सा बाहेरून आत निवत जातो, त्यामुळे मोठ्या पातेल्याचा गाभा तासन् तास याच पट्ट्यात अडकून राहतो. उकळल्यावर सगळे जंतू मरतात हा गैरसमज आहे. काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि अन्न कोमट झालं की पुन्हा वाढू लागतात. भातात हे विशेष घडतं, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. गोठवल्यानेही जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. गरोदरपणात अन्नातून होणारा संसर्ग आई आणि बाळ दोघांनाही जड जाऊ शकतो, म्हणून मी याबाबतीत कुणाचंही "काही होत नाही" ऐकत नाही.

मी काय करते ते सांगते. पातेलं उतरल्याबरोबर अन्न परातीत किंवा पसरट ट्रेमध्ये ओतते. थर जास्तीत जास्त ४-५ सेंटीमीटर, त्याहून जाड असेल तर दुसरी परात घेते. सिंकमध्ये गार पाणी आणि भरपूर बर्फ घालून परात त्यात टेकवते. पाणी परातीत शिरणार नाही एवढंच ठेवायचं. दर तीन-चार मिनिटांनी तळापासून ढवळते. झाकण नाही, कारण झाकलं की वाफ कोंडते. सिंकमधलं पाणी कोमट झालं की बदलते. तळाला बोटाऐवजी स्वच्छ चमचा लावून पाहायचा. तो गरम लागेनासा झाला की परात फ्रिजमध्ये, आणि पूर्ण गार झाल्यावर पिशव्यांत. उतरवल्यापासून फ्रिजपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका, भाताला तर एकच तास द्या. भात ताटांत पातळ पसरला की पटकन निवतो.

"अगदी गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये" हे तुम्हाला घरातलं कुणीतरी नक्की सांगेल. पातळ थरातलं कोमट अन्न फ्रिज सहज पेलतो. त्याला झेपत नाही ते भरलेलं गरम पातेलं.

सूप आणि पातळ डाळीसाठी आणखी एक उपाय आहे. शिजवताना पाणी कमी ठेवा आणि गॅस बंद केल्यावर उरलेल्या पाण्याऐवजी उकळलेल्या पाण्याचा बर्फ घाला. बर्फ विरघळता विरघळता निम्मं काम होऊन जातं. आणि एका संध्याकाळी एकच पदार्थ निववायला घ्या. दोन पातेली एकदम आली की एक हमखास मागे राहतं.

भरणं सोपं. झिपच्या पिशवीत एका जेवणापुरतंच घाला. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून वर दोन बोटं जागा सोडा, पण हवा दाबून काढा. हवा राहिली की वरचा भाग कोरडा, पांढुरका पडतो. पिशव्या ट्रेवर आडव्या, एकाच थरात गोठवा आणि कडक झाल्या की पुस्तकांसारख्या उभ्या रचा. मोठे डबे मला पटत नाहीत. रात्री एकट्या जिवाला भूक लागते तेव्हा चौघांचा गोठलेला ठोकळा काय कामाचा? फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. दोन-तीन महिने चव चांगली राहते. काढलेलं दूध ठेवायला एक कप्पा रिकामा सोडा.

पिशवी भरण्याआधीच तिच्यावर लिहा, गार ओल्या प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. नुसतं नाव आणि तारीख पुरत नाही, कारण पिशवी उघडणारी व्यक्ती बहुतेक वेळा तुम्ही नसता. बहिणीच्या पहिल्या आठवड्यात रात्री अडीच वाजता तिच्या नवऱ्याने माझी पिशवी काढली. तिच्यावर मी लिहिलं होतं: "मसूर डाळ. एकीला. पाऊण वाटी पाण्यात घालून मंद आच, मधोमध उकळी येईपर्यंत. मीठ घातलंय." तो स्वयंपाकघरात फारसा वावरणारा नाही, तरी एकही प्रश्न न विचारता त्याने ती गरम केली. ही मधोमध उकळी महत्त्वाची, कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवली तर उत्तम, ओट्यावर मात्र कधीच वितळवू नका. एकदा गरम केलेलं उरलं तर परत गोठवू नका. वीज गेली तर दार उघडून पाहत बसू नका: गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास अन्न गोठलेलं राहतं, अर्धा भरलेला असेल तर २४ तास.