‘हान्सेन’ हे आडनाव कसे वाचावे आणि त्याचा माग कसा काढावा

कुष्ठरोगाच्या कामाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ‘हॅन्सनचा आजार’ हे शब्द परके नाहीत. नॉर्वेतील बर्गन शहरात १८७३ मध्ये या रोगाचा जंतू ज्यांनी प्रथम ओळखला, त्या गेरहार्ड आर्मौअर हान्सेन यांच्यावरून हे नाव पडले. हान्सेन या शब्दाचा सरळ अर्थ ‘हान्सचा मुलगा’. परंतु १८४१ मध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांच्या वडिलांचे नाव हान्स नव्हते; ते क्लाउस होते, आणि क्लाउस यांचेही आडनाव हान्सेनच होते. जुन्या रीतीप्रमाणे मुलाचे नाव ‘क्लाउसेन’ व्हायला हवे होते. ते तसे का झाले नाही, हे ज्याला उलगडले त्याला स्कँडिनेव्हियातील पितृनामांचे बहुतेक गणित उलगडले असे मी मानतो. कोणी वंशावळ तपासत असेल, कोणी भाषांतर करत असेल, कोणाचे सोयरसंबंध डेन्मार्क-नॉर्वेशी जुळले असतील, तर त्या प्रत्येकाला पुढील पद्धत उपयोगी पडेल.

प्रथम नावाचे तुकडे करावेत. ‘हान्स’ हे योहानेस या नावाचे जर्मन भाषेतून आलेले आखूड रूप आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नावाने उत्तरेत आजही २३ जूनच्या संध्याकाळी होळ्या पेटवतात आणि डेन्मार्क-नॉर्वेत त्या संध्याकाळीला ‘सांक्त हान्स’ असेच म्हणतात. डेन्मार्कच्या गादीवर १४८१ ते १५१३ या काळात हान्स नावाचाच राजा होता. येन्स, योहान, योन ही सगळी त्याच योहानेसची रूपे आहेत, त्यामुळे येन्सेन, योहान्सेन आणि हान्सेन या तिन्हींचा शब्दार्थ मुळात एकच निघतो; मात्र त्यावरून ती घराणी एक होत नाहीत. नावाचा दुसरा तुकडा ‘सेन’ म्हणजे मुलगा. डॅनिश लेखनात तो ‘सेन’ असा झिजला, स्वीडिश लेखनात ‘सॉन’ असा टिकला, म्हणून तेच नाव स्वीडनमध्ये ‘हान्सॉन’ होते. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि तेथील पाद्री व कारकून डॅनिशमध्ये लिहीत, म्हणून नॉर्वेतही ‘सेन’च रुजले. मुलीसाठी ‘डाटर’ हा प्रत्यय होता: हान्सची मुलगी हान्सडाटर. नॉर्वेत ‘हान्स्सेन’ असे दोन ‘स’ असलेले लेखनही आढळते. आज ते स्वतंत्र आडनाव समजले जाते, पण एकोणिसाव्या शतकातील वह्यांत ती केवळ लिहिणाऱ्याची लकब असते, आणि तिच्यावरून दोन माणसे वेगळी ठरवणे चूक ठरते.

आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते आणि आडनाव शेवटी. त्यांच्या शेतकरी समाजात पितृनाम शेवटी यायचे आणि बहुतेक वेळा त्यापलीकडे काहीच नसायचे. समजा, येन्स पेडरसेन नावाच्या शेतकऱ्याला हान्स हा मुलगा झाला, तर तो हान्स येन्सेन. हान्सला पेडर झाला, तर तो पेडर हान्सेन. तीन पिढ्या, तीन ‘आडनावे’. पेडरची बहीण मारेन ही मारेन हान्सडाटर, आणि लग्नानंतरही नोंदींत ती मारेन हान्सडाटरच राहायची. म्हणून कागदावर ‘हान्सेन’ दिसताच पहिला प्रश्न हा विचारावा की हे या माणसाच्या बापाचे नाव आहे, की कुठल्या तरी पणजोबाच्या बापाचे येथे गोठलेले नाव आहे. याचे उत्तर नावात मिळत नाही. ते साल आणि ठिकाण पाहून मिळते.

डेन्मार्कमध्ये हे गोठणे टप्प्याटप्प्याने झाले. राजा पहिला फ्रेडरिक याने १५२६ मध्ये सरदार घराण्यांना कायम नावे घेण्यास सांगितले. शहरांतील व्यापारी आणि कारागीर पुढे आपणहून स्थिर नावे लावू लागले. श्लेस्विग प्रांतात १७७१ मध्ये हुकूम निघाला, आणि उरलेल्या डेन्मार्कसाठी ३० मे १८२८ चा हुकूम आला, की बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाचे पुढे चालणारे घराण्याचे नावही नोंदवावे. खरा गुंता येथून सुरू होतो आणि शोध घेणाऱ्यांच्या सर्वांत जास्त चुका याच पट्ट्यात होतात. हान्स येन्सेनच्या मुलांना ‘येन्सेन’ हे बापाचे शेवटचे नाव द्यायचे, की ‘हान्सेन’ हे त्यांचे स्वतःचे पितृनाम कायम करायचे, याचा अर्थ प्रत्येक पाद्र्याने आपापल्या परीने लावला. खेड्यांतील लोकांना नवी रीत पटत नव्हती आणि व्यवहारात ते जुन्याच नावाने हाक मारत. १८५६ मध्ये पुन्हा खुलासा करावा लागला, तरी काही गावांत जुनी सवय आणखी वीसेक वर्षे रेंगाळली. त्यामुळे १८२८ ते १८७० या काळातील डॅनिश खेड्यात एकाच आईबापांची मुले वेगवेगळ्या शेवटच्या नावांनी सापडली, तर दचकू नये. उलट, या काळात सगळे कसे अगदी सरळ जुळले, तर आपण चुकीच्या कुटुंबात तर शिरलो नाही ना, हे पुन्हा तपासावे.

नॉर्वेचा प्रकार वेगळा आहे, आणि मला तो अधिक वेधक वाटतो. तेथे पितृनामानंतर बहुधा शेतवाडीचे नाव लागत असे: ओले हान्सेन बाक्केन, म्हणजे बाक्केन नावाच्या वाडीवर राहणारा, हान्सचा मुलगा ओले. आपल्याला हे ‘कर’ लावलेल्या आडनावासारखे वाटते, पण एक मोठा फरक आहे. ते नाव रक्ताचे नव्हते, राहत्या जागेचे होते. ओले उद्या लग्न करून हाउगेन वाडीवर राहायला गेला, तर तो ओले हान्सेन हाउगेन होई. जणू नाशिककर सांगलीला गेला की सांगलीकर व्हावा. म्हणून नॉर्वेत शोधताना वाडीचे नाव पत्त्यासारखे वाचावे. १९२३ च्या कायद्याने सर्वांना कायमचे आडनाव लावणे बंधनकारक केले, तेव्हा कोणी वाडीचे नाव निवडले, कोणी पितृनाम. सख्ख्या भावांनीही वेगळी निवड केल्याची उदाहरणे आहेत, विशेषतः अमेरिकेला गेलेल्यांत. शहरांत मात्र पितृनामे बरीच आधी स्थिर झाली होती. बर्गनच्या क्लाउस हान्सेन यांचा मुलगा हान्सेनच का राहिला, याचे उत्तर येथे आहे: ते शहरी कुटुंब होते. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर आजही ‘सेन’ची नावे दाट आहेत, तर आतल्या शेतीप्रधान दऱ्यांत वाडीची नावे वरचढ आहेत.

हेच गणित एका ओळखीच्या उदाहरणावर पडताळून पाहता येईल. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचे नाव आपण मराठीत असे लिहितो, पण मूळ लेखनात शेवट ‘सेन’ असाच आहे. १८०५ मध्ये ओडेन्स शहरात त्यांचा जन्म झाला. वडील चांभारकाम करणारे हान्स अँडरसन, आजोबा अँडर्स हान्सेन. आजोबांकडून वडिलांकडे जुनी रीत चालली: अँडर्सचा मुलगा अँडरसन. पण नातू हान्सेन व्हायला हवा होता, तो झाला नाही. शहरातल्या या कुटुंबात १८२८ च्या हुकमाआधीच नाव थांबले होते. एका पिढीचा फरक पडला असता, तर जगाला ते हान्सेन म्हणून माहीत झाले असते.

आता प्रत्यक्ष शोध. सुरुवात नेहमी ज्ञात माणसापासून करून मागे जावे. सतराव्या शतकातील एखादा हान्स पकडून पुढे येऊ नये, कारण त्या वाटेवर शेकडो हान्स उभे आहेत. शोधाचा पाया म्हणजे माणसाचे पहिले नाव, वडिलांचे पूर्ण नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख. आडनाव हा या यादीतला सर्वांत कमकुवत पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याचा आदेश १६४५-४६ चा आहे, आणि १८१४ च्या सुमारापासून त्या छापील तक्त्यांत, दोन प्रतींत ठेवल्या जाऊ लागल्या; एक प्रत खराब असेल तर दुसरी मागावी. जनगणनांपैकी १८४५ ची विशेष मोलाची, कारण तीत प्रथमच प्रत्येकाचे जन्मठिकाण लिहिले आहे. याहून कमी लोकांना ठाऊक असलेला, पण हान्सेनसारख्या नावासाठी फार उपयुक्त दस्तऐवज म्हणजे सैन्यभरतीच्या याद्या. १७८९ पासून सुमारे साठ वर्षे शेतकरी वर्गातील मुलगे जन्मतःच वडिलांच्या नावासकट त्यांत नोंदले जात आणि गाव बदलले की नोंद पुढच्या यादीत सरकत असे. त्यामुळे एकाच परगण्यातील पाच पेडर हान्सेन वेगळे काढता येतात. नॉर्वेसाठी १८०१ ची नाववार जनगणना आणि १८६५ नंतरच्या जनगणना पाहाव्यात. दोन्ही देशांच्या राष्ट्रीय अभिलेखागारांनी यांपैकी पुष्कळ सामग्री विनामूल्य ऑनलाइन खुली केली आहे.

नातवंडांना आजोबा-आजींची नावे देण्याची प्रथा येथे दिवा दाखवते. पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव मिळे. विधुराने दुसरे लग्न केले, तर नव्या संसारातील पहिल्या मुलीला मृत पत्नीचे नाव देण्याची रीत होती, आणि मला ती या सगळ्या कोरड्या नोंदींतील अत्यंत हृद्य गोष्ट वाटते. मुलांच्या नावांचा क्रम लावला की आजोबांचे नाव अंदाजाने पुढे येते. मात्र तो अंदाजच असतो, नोंदीने तो सिद्ध करावा लागतो.

एक अडचण केवळ याच नावाची आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘हान्स’ या अक्षरांचा दुसरा अर्थ ‘त्याचा, त्याची’ असा आहे. ‘हान्स हुस्त्रू’ म्हणजे ‘त्याची पत्नी’, हान्सची पत्नी नव्हे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात हे दोन्ही शब्द एकत्र येऊन शोधाचा निकाल निरुपयोगी होतो. जुन्या डॅनिश लेखनात नामांचे पहिले अक्षर मोठे असे आणि सर्वनामांचे लहान. मूळ पानाचे चित्र उघडून ते पाहिले तर शंका मिटते. डेन्मार्कमधील १८७५ च्या सुमारापर्यंतचे हस्ताक्षर गॉथिक वळणाचे आहे, म्हणून वर्णमालेचा तक्ता समोर ठेवून आठवडाभर सराव करणे अटळ आहे. ‘डाटर’ हा प्रत्यय बहुतेकदा एकदोन अक्षरांत आखडलेला असतो. तो नजरेतून सुटला की मुलगी मुलगा म्हणून वंशावळीत शिरते.

आजची स्थिती समजून घेतली की या सावधपणाचे कारण कळते. नॉर्वेत हान्सेन हे सर्वांत प्रचलित आडनाव असून सुमारे ५० हजार लोक ते लावतात. डेन्मार्कमध्ये नील्सेन आणि येन्सेन यांच्यामागोमाग त्याचा तिसरा क्रमांक लागतो आणि धारकांची संख्या दोन लाखांच्या आसपास आहे. साठ लाखांच्या देशात म्हणजे साधारण शंभरात तीन जण. तेथील पहिल्या वीस आडनावांत मोलर हे एक सोडले, तर बाकी सगळी ‘सेन’ने संपतात. जर्मनीच्या उत्तर टोकाला, फ्लेन्सबुर्ग आणि नॉर्डफ्रीसलँडकडेही हान्सेन विपुल आहेत, कारण श्लेस्विग १८६४ पर्यंत डॅनिश राजाकडे होते. ही एवढी माणसे एका मूळ पुरुषाची नव्हेत. हजारो वेगवेगळ्या हान्सांच्या मुलांवर एकाच काळात नाव थांबले, एवढाच त्याचा अर्थ. आडनावाचे कुलचिन्ह म्हणून जे विकले जाते, ते हान्सेनच्या बाबतीत घेऊ नये.

नाव इतके सर्रास झाल्यावर माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न डॅनिश सरकारलाही पडला होता. १९०४ च्या कायद्याने ‘सेन’चे नाव सोडून दुसरे घेणे सोपे केले आणि तेव्हापासून हान्सेन मंडळी हळूहळू घटत आहेत. पुष्कळांनी नाव न सोडता मधल्या नावावर भर दिला. १९९३ ते २०११ या काळात रासमुसेन आडनावाचे तीन पंतप्रधान ओळीने झाले, तिघांचे एकमेकांशी नाते नव्हते, आणि लोक त्यांना न्यूरूप, फो आणि लोके या मधल्या नावांनी ओळखत. म्हणून आजच्या हान्सेनचा शोध घेताना मधले नाव कधीही गाळू नये. ते पुष्कळदा आईच्या घराण्याचे असते.

अलीकडचे कायदे पाहिल्याशिवाय विसाव्या शतकानंतरच्या नोंदींचा अर्थ लावू नये. डेन्मार्कच्या २००६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक लोक वापरतात ते आडनाव कोणालाही घेता येते, म्हणजे आजचा हान्सेन जन्माने हान्सेन असेलच असे नाही. स्वीडननेही २०१७ मध्ये तसाच नियम केला. नॉर्वेत दोनशे किंवा त्याहून कमी धारक असलेली नावे तेवढी संरक्षित आहेत. या दोन्ही नव्या कायद्यांनी, डॅनिश आणि स्वीडिश, खरे पितृनाम पुन्हा लावण्याची मुभा दिली आहे, आणि आईच्या नावावरून शेवटचे नाव घेण्याचीही. तेव्हा एखाद्या तरुण डॅनिश स्त्रीच्या नावात ‘हान्सडाटर’ दिसले, तर ते जुन्या नोंदीतून चुकून उतरले आहे असे समजू नये. तिच्या वडिलांचे नाव हान्स आहे का, हे तिलाच विचारावे.