दमा असलेल्या ज्येष्ठांना धाप लागून हृदयाचे ठोके अनियमित होत असतील तर काय करावे

दमा असलेल्या वयस्कर माणसाला धाप लागली की घरातले सगळे आधी पंप शोधतात. त्यात चूक काही नाही, मात्र उतारवयातील प्रत्येक धाप दम्याचीच असते असे गृहीत धरले, तर हृदयाचा आजार दम्याआड दडून राहू शकतो.

धाप लागताच रुग्णाला आडवे न करता किंचित पुढे झुकवून बसवावे, कपडे सैल करावेत आणि डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा. एका वेळी एकच फवारा सोडून चार-पाच सावकाश श्वास घेऊ द्यावेत. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, भोवळ आली असेल, ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली गेला असेल किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर पुढचे काहीही न तपासता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

प्रकृती स्थिर असेल तर नाडी मोजावी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय अनियमित नाडीत फसवते. विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके सर्वसाधारण समजले जातात, पण आकड्याइतकीच लयही महत्त्वाची असते. अधूनमधून एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते. सगळेच ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर तो एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार, असू शकतो. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

धडधड पंपाआधी सुरू झाली की नंतर, हे वेळेसह वहीत लिहावे. आराम देणाऱ्या पंपातील साल्ब्युटामॉल या औषधाने काही काळ हात थरथरणे आणि ठोके जलद होणे अपेक्षित असते, परंतु त्या भीतीने पंप परस्पर बंद करणे अधिक घातक ठरते. तो वारंवार घ्यावा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ असतो आणि नियमित घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाकडे लक्ष द्यावे लागते.

यानंतर घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरावीत, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठीच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा बळावू शकतो, हे नेमके सांगायचे राहून जाते. रक्तदाबाच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांचेही तसेच आहे, मात्र त्या अचानक सोडू नयेत. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफिलिन या औषधाची मात्रा थोडी जास्त झाली तरी मळमळ आणि धडधड होते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि साल्ब्युटामॉल हे दोन्ही पोटॅशियम कमी करतात. पोटॅशियम घटले की ठोके बिघडू शकतात, आणि त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते.

आडवे होताच धाप वाढणे, रात्री गुदमरून जाग येणे, पावलांवर सूज किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, ही लक्षणे हृदयाकडे बोट दाखवतात. वही आणि पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे. तपासणीच्या वेळी ठोके नियमित असतील तर ईसीजी निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी २४ तास किंवा त्याहून अधिक काळ नोंद घेणाऱ्या होल्टर तपासणीबद्दल आवर्जून विचारावे.