मे महिन्यात नागपुरात सायकल: माझा अनुभव

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गेल्या उन्हाळ्यात वर्धा रोडवरून ३० किलोमीटर करून परतलो की पोटऱ्यांत गोळे यायचे, डोकं दिवसभर ठणकायचं. पाणी तर भरपूर प्यायचो. चूक तिथेच होती: घामातून मीठही जात होतं आणि मी नुसतं पाणी भरत होतो.

आता बाटलीत घरचं मिश्रण असतं: एक लिटर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू. तहानेची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने दोन-तीन घोट. गोळे थांबले. (रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.)

दुसरा उपाय कूलरच्याच तत्त्वाचा: मानेभोवती ओला सुती दुपट्टा. आपल्या विदर्भाची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि मान गार राहते. मुंबईला भावाकडे हेच केलं, तर दमट हवेत कापड नुसतं चिकचिकत राहिलं.

आणि हो, निघतो पहाटे साडेपाचला. आठच्या आत घरी. एकदा उशीर झाला, उन्हात अंगावर शहारे आले, तेव्हा तिथेच कडुनिंबाखाली थांबून घरच्यांना गाडी घेऊन बोलावलं.