आरमध्ये डेटा पहिल्यांदा बघताय? या चुका टाळा

आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची प्रोग्रामिंग भाषा इन्स्टॉल केली की ‘एअरक्वालिटी’ नावाचा डेटासेट सोबतच येतो. न्यूयॉर्कमधली १९७३ ची हवा, मे ते सप्टेंबर, रोजची एक ओळ, एकूण १५३ ओळी. सरावाला यापेक्षा चांगला डेटा शोधत बसू नका, कारण नवशिक्याला नडणारं बरंच काही त्यात आहे.

ओझोनची सरासरी काढायला ‘मीन’ चालवलं की उत्तर येतं ‘एनए’, म्हणजे ‘नोंद नाही’. काही बिघडलेलं नसतं. ३७ दिवसांची नोंदच नाही, म्हणून आर सरासरी सांगत नाही. मग ‘एनए.आरएम’ ट्रू केलं, म्हणजे एनए वगळून मोजायला सांगितलं, की ४२.१३ मिळतात आणि बहुतेक जण पुढे जातात. इथे थांबायला हवं. मोजणी करणाऱ्या ‘टेबल’मध्ये महिना आणि ओझोनचं ‘इज.एनए’ (नोंद नाही का ते सांगणारं) एकत्र टाकून बघा: ३७ पैकी २१ नोंदी एकट्या जूनच्या गायब आहेत! म्हणजे जूनच्या ३० दिवसांपैकी फक्त नऊ दिवस हातात. ‘एनए.ओमिट’ने अर्धवट ओळी सरसकट उडवल्या तर १११ उरतात, आणि त्यात जून जवळजवळ नसतोच. महिन्यांची तुलना करणाऱ्याची यात सरळ फसगत होते. म्हणून ओळी गाळण्याआधी त्या कुठल्या आहेत ते बघाच.

ती ४२.१३ ची सरासरीही एकटी वाचू नका. मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ३१.५ आहे, कमाल १६८. थोड्याच दिवसांच्या मोठ्या आकड्यांनी सरासरी वर ओढली आहे. ‘हिस्ट’ने आलेख काढला की लगेच दिसतं.

सगळ्या कॉलमचा सारांश देणारी ‘समरी’ महिन्याचीही सरासरी देते, ६.९९३. तिला काही अर्थ नाही. महिना हा गट आहे, त्याला ‘फॅक्टर’ करा. तापमान ५६ ते ९७ दिसतं, ते फॅरनहाइट आहे. डेटासेटच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाकलं की मदतीच्या पानावर एककं मिळतात.

‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ अशी एरर आली तर आधी स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षर तपासा.

आपल्याकडच्या फाइलींत आणखी एक अडचण येते. १,२०,००० असा स्वल्पविराम घातलेला आकडा ‘रीड.सीएसव्ही’ मजकूर म्हणून वाचते. कॉलमचे प्रकार दाखवणाऱ्या ‘एसटीआर’मध्ये त्या कॉलमपुढे ‘सीएचआर’ (म्हणजे मजकूर) दिसलं तर ‘जीसब’ने स्वल्पविराम काढा, मगच मजकुराचा आकडा करणारं ‘अॅज.न्यूमेरिक’ लावा. उलट क्रमाने केलंत तर त्या सगळ्या रकमा एनए होतील.