मेमरी कार्ड आणि फोटो : या चुका टाळा

लग्नाचे किंवा मुंजीचे फोटो कार्डावरून अचानक दिसेनासे झाले, तर ते परत मिळतील की नाही हे बहुधा पुढच्या काही मिनिटांत आपण काय करतो यावर ठरते. फोटो डिलीट केला किंवा कॅमेऱ्यात कार्ड साधे फॉरमॅट केले, तरी सहसा फाइलींची नोंदच तेवढी पुसली जाते आणि त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती शाबूत राहते. म्हणूनच, कार्ड चालते का हे पाहण्यासाठी त्यावर आणखी दोन-चार फोटो काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कार्ड लगेच बाहेर काढावे. संगणकाने ते फॉरमॅट करायचे का असे विचारल्यास ठामपणे नकार द्यावा. दुसरा कार्ड रीडर (कार्ड संगणकाला जोडणारे साधन) लावून पाहावा, कारण पुष्कळदा दोष रीडरचाच असतो. आणि मग फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने शोध घेऊन सापडलेल्या फाइली संगणकाच्या डिस्कवर उतरवाव्यात, त्याच कार्डावर कदापि नाही. फोनच्या अंतर्गत मेमरीतून पुसलेल्या फोटोंच्या बाबतीत मात्र या उपायावर विसंबू नये.

खरेदीतली मोठी चूक म्हणजे किमतीला भुलणे. बनावट कार्डावर 512 जीबी छापलेले असते आणि संगणकही तेवढीच जागा दाखवतो, पण आतली चिप त्याहून कितीतरी लहान असते. ती भरल्यानंतरच्या फाइलींची नावे आणि आकार यादीत व्यवस्थित दिसतात. उघडायला गेल्यावर मात्र आत काहीच नसते, किंवा त्यांच्यापायी आधीचे फोटो खराब झालेले असतात. त्यामुळे कार्ड परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच, विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 हा कार्ड तपासणारा प्रोग्राम वापरून ते पूर्ण भरून तपासावे.

कार्डावरचा ठळक वेगाचा आकडा बहुधा वाचनाचा असतो. व्हिडिओसाठी व्ही30 ही खूण पाहावी. तिचा अर्थ सेकंदाला किमान 30 एमबी सलग लेखन असा होतो. सेकंदाला 100 मेगाबिटच्या 4के चित्रीकरणाला (8 मेगाबिट म्हणजे 1 एमबी) सेकंदाला सुमारे 12.5 एमबी लागतात, म्हणजे व्ही30 पुरेसे आहे. जुना कॅमेरा फक्त एसडीएचसी (32 जीबीपर्यंतच्या कार्डांचा प्रकार) घेत असेल, तर 32 जीबीपेक्षा मोठे कार्ड घेऊ नये.

कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील, तर दुसरे कार्ड पहिले भरल्यावर वापरण्याऐवजी दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहिले जातील अशी सेटिंग ठेवावी. लग्नासारखा प्रसंग पुन्हा टिपता येत नाही. घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करून, त्यांतील काही फोटो प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. गूगल फोटोजमध्ये सर्व सुरक्षित आहे असे समजून ॲपमधून फोटो पुसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तो क्लाउडमधूनही जातो आणि बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये 60 दिवसच राहतो. भरलेली कार्डे वर्षानुवर्षे कपाटात ठेवणेही धोक्याचे आहे, कारण वापराविना पडलेल्या फ्लॅश मेमरीतील विद्युतभार हळूहळू ओसरतो. अशी कार्डे घरात असतील तर ती आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि एक प्रत दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे ठेवावी.