समुद्री तुषारकणांचं रसायन मोजताय? या चुका टाळा

लाट फुटली की हवा पाण्यात कोंडली जाते, तिचे बुडबुडे वर येतात आणि फुटतात. आधी बुडबुड्याची वरची पातळ टोपी फाटून तिचे बारीक तुषार उडतात. मग खालचा खळगा मिटताना मधून एक धार उसळते आणि तिचे थेंब सुटतात. प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) आणि जिवाणूंनी सोडलेली मेदाम्लं, प्रथिनं, शर्करा त्या टोपीला चिकटून वर आलेली असतात. म्हणून एक मायक्रोमीटरहून लहान कणांत सेंद्रिय पदार्थ भरपूर आणि मोठ्या कणांत मुख्यतः मीठ.

सगळे कण एकाच गाळणीवर धरणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ५ मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणाचं घनफळ ०.२ मायक्रोमीटरच्या १५,६२५ कणांएवढं असतं. चार-दोन मोठे कण आले तरी वजनात मीठच मीठ दिसतं आणि जैविक छाप पार पुसली जाते. इम्पॅक्टर (कणांना आकारानुसार वेगळं करणारं उपकरण) लावून १ मायक्रोमीटरखालचे कण वेगळे धरा.

हरितद्रव्याच्या आकड्यावर विसंबणं

प्लवक किती आहेत याचा अंदाज हरितद्रव्यावरून बांधतात. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या मेस हेड या हवा-निरीक्षण केंद्रावरची २००४ साली प्रसिद्ध झालेली मोजमापं बोलकी आहेत. लहान कणांतला सेंद्रिय वाटा हिवाळ्यात सुमारे १५ टक्के, तर प्लवकांच्या बहरात ६३ टक्के होता. त्यावरून 'हरितद्रव्य वाढलं की सेंद्रिय वाटा वाढतो' असं सरळ समीकरण मांडलं जातं, पण ते सगळीकडे टिकत नाही. एकतर समुद्रात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा मोठा जुना साठा बहर असो-नसो कायम असतो. दुसरं म्हणजे पेशी जोमात वाढत असताना बरंचसं द्रव्य त्यांच्या आतच राहतं. पेशी मरू लागल्या, विषाणूंनी फोडल्या, जिवाणूंच्या विकरांनी मेद आणि प्रथिनं तोडली की पाण्याच्या पृष्ठभागावरच्या सेंद्रिय तवंगाची घडण बदलते. त्यामुळे कणांतला बदल हरितद्रव्याच्या शिखरानंतर काही दिवसांनी दिसू शकतो. बहर ओसरेपर्यंत रोज नमुने घ्या आणि हरितद्रव्यासोबत जिवाणूंची संख्या व विरघळलेला सेंद्रिय कार्बनही मोजा.

टाकीत प्लवक वाढवतानाच पाणी घुसळणं

सतत कोसळणाऱ्या धारेने नाजूक पेशी फुटतात आणि त्यांच्या आतला माल पाण्यात येतो. मग मोजता ते बहराचं रसायन नव्हे, पंपाचं. वाढ वेगळ्या भांड्यात करा, फेस फक्त मोजमापापुरता काढा. पूर्ण ताकदीचं एफ-बाय-टू माध्यम (प्लवक वाढवायचं पोषक द्रावण) वापरू नका. त्यातलं नायट्रेट लिटरला सुमारे ८८० मायक्रोमोल असतं, खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्याहून कितीतरी जास्त.

नेब्युलायझरही टाळा. तो पाण्याचे थेट थेंब उडवतो, त्यात बुडबुड्याची टोपी नसते आणि तिच्यावरचा तवंगही नसतो. कोसळती धार किंवा लाटांची वाहिनी (लाटा उठवणारी लांब टाकी) खऱ्या फेसाच्या जास्त जवळ जाते.

तवंगाचा नमुना बादलीने मिळत नाही. स्वच्छ काचेची पट्टी उभी बुडवा, सेकंदाला ५–६ सेंटिमीटर वेगाने वर घ्या, सुमारे २० सेकंद निथळू द्या आणि मग पुसणीने दोन्ही बाजू खरवडून बाटलीत घ्या. हे पाणी गाळण्याआधी गोठवू नका, पेशी फुटतात. गाळतानाही निर्वाताचा जोर कमी ठेवा.

बाहेरचा कार्बन आत येऊ देणं

समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम आणि जेमतेम १ मिलिग्रॅम विरघळलेला सेंद्रिय कार्बन असतो. कणांत कार्बन-सोडियम गुणोत्तर ०.३ आलं, तर कार्बन पाण्याच्या तुलनेत तीन हजार पटींहून जास्त एकवटला असं निघतं. आता गाळणीवर १० मायक्रोग्रॅम सोडियम असेल, तर त्याच्या जोडीचा कार्बन फक्त ३ मायक्रोग्रॅम. बोटाच्या एका स्पर्शाने तेवढी मेदाम्लं सहज लागतात, आणि तीही पामिटिक-स्टिअरिक, म्हणजे समुद्रात सापडतात तीच. हातमोजे घाला, क्वार्ट्झच्या गाळण्या ४५० अंश सेल्सियसला किमान ४ तास भाजून घ्या. टाकीत गाळलेली शुद्ध हवाच सोडा आणि बुडबुडे बंद ठेवून कोरा नमुना घ्या. क्वार्ट्ज वायुरूप सेंद्रिय पदार्थही शोषतं, म्हणून मागे दुसरी गाळणी लावून तिचा आकडा वजा करा.

सगळं सल्फेट तुषारातलं समजणं

प्लवकांपासून निघणारा डायमिथाइल सल्फाइड वायू हवेत ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल बनतो आणि नंतर कणांवर बसतो. हा भाग वेगळा काढायला सोडियमच्या वजनाला ०.२५२ ने गुणा आणि एकूण सल्फेटमधून वजा करा. सोडियम २.० आणि सल्फेट ०.९ मायक्रोग्रॅम असेल तर समुद्री मिठाबाहेरचं सल्फेट सुमारे ०.४० उरतं. तुलनेचा पाया म्हणून सोडियमऐवजी कॅल्शियम घेऊ नका, लहान कणांत तेही सेंद्रिय पदार्थांशी बांधलं जाऊन वाढलेलं सापडतं. क्लोराइड-सोडियम गुणोत्तर १.८ च्या खाली गेलं तर जीवांना दोष देण्याआधी हवेतलं नायट्रिक आम्ल तपासा. ते क्लोराइडला हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात हाकलतं.

आकार मोजण्यापूर्वी कण ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत वाळवा. समुद्री मीठ ४५ टक्क्यांच्या आसपासपर्यंत पाणी धरून ठेवतं, आणि ओला कण मोठा भासून चुकीच्या गटात मोजला जातो.