रॉकेट इंजिन टेस्टच्या टीममध्ये नवीन आहात? आधी लोडसेल हातात घ्या

टीममध्ये येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, इंधन कशाचं करायचं? माझं मत विचाराल तर ते अनुभवी माणसांकडे राहू द्या आणि तुम्ही लोडसेलने, म्हणजे जोर मोजणाऱ्या सेन्सरने, मोजायचं काम मागून घ्या. स्टॅटिक टेस्ट म्हणजे इंजिन स्टँडला घट्ट बांधून जमिनीवरच पेटवायचं, आणि त्यातून इंजिनाचा जोर वेळेनुसार कसा बदलला याचा आलेख मिळाला नाही तर नुसता धूर केला असं समजा, व्हिडिओ कितीही भारी येवो. अमेरिकन रॉकेट संशोधक रॉबर्ट गोडार्डचं द्रवइंधनाचं रॉकेट १६ मार्च १९२६ ला उडालं, जेमतेम अडीच सेकंद, ४१ फूट उंच, पण त्याच्या आधी डिसेंबर १९२५ मध्ये त्याने स्टँडवर बघून घेतलं होतं की इंजिन स्वतःचं वजन तरी उचलतंय का.

छोट्या इंजिनाला लोडसेल आणि त्याचा सिग्नल आकड्यांत बदलणारं एचएक्स ७११ चं बोर्ड पुरतं. हे बोर्ड सेकंदाला १० नाहीतर ८० रीडिंग देतं आणि बरेचदा १० वरच सेट होऊन येतं. दीड सेकंद जळणाऱ्या मोटरचे (घन इंधनाच्या इंजिनाला मोटर म्हणतात) मग १५ च ठिपके मिळणार आणि सुरुवातीचा झटका निसटणार, त्यामुळे ८० वर करून घ्या. कॅलिब्रेशन माहीत असलेली वजनं ठेवूनच करायचं. नोझल (गरम वायू बाहेर पडायचं तोंड) वर करून मोटर उभी बांधली असेल तर शेवटी रीडिंग शून्याच्या खाली जातं, घाबरू नका, जळून गेलेल्या इंधनाचं वजन कमी झालेलं असतं. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे टोटल इम्पल्स, म्हणजे मोटरने एकूण दिलेला धक्का, न्यूटन-सेकंदात. त्यावरूनच मोटरचा क्लास ठरतो. ए क्लास अडीचपर्यंत, बी ५, सी १०, असं पुढे प्रत्येक अक्षराला दुप्पट.

आता भीतीचा भाग, आणि इथे आळस अजिबात चालत नाही. घन इंधनात बारीक तडा किंवा बुडबुडा असला की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, त्याने प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की इंधन अजून जोरात जळतं आणि केसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं नळकांडं, फुटतं. तडा दिसला की तो ग्रेन (घन इंधनाचा ठोकळा) बाद, वाद घालायचा नाही. केसिंगची प्रेशर टेस्ट पाण्याने करतात, हवेने नाही, कारण दाबलेल्या हवेत खूप ऊर्जा साठते आणि फुटलं तर तुकडे उडतात, पाण्याचं प्रेशर मात्र जरा गळती झाली की लगेच पडतं.

इग्निशनची चावी जो मोटरजवळ जातो त्याच्याच खिशात राहते. पेटलं नाही तर चावी काढायची आणि टीमने ठरवलेला वेळ संपेपर्यंत कोणीही जवळ जायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. आडोसा, अंतर, परवानगी आणि अनुभवी माणूस यातलं एक जरी नसलं तर टेस्ट पुढे ढकला.

आणि हो, नोझलचा घसा, म्हणजे त्याचा सगळ्यात अरुंद भाग, टेस्टच्या आधी आणि नंतर व्हर्नियरने मोजून ठेवा. झिजून मोठा झाला असेल तर प्रेशर जळता जळताच पडत जातं, आणि आलेख शेवटाकडे उतरताना दिसला की लोक उगाच इंधनाला दोष देत बसतात.